एकांडं प्रवाळ

प्रवाळ म्हटलं की हजारो पॉलिप, म्हणजे तोंडाभोवती शुंडके असलेले छोटे नळीसारखे जीव, एकमेकांना चिकटून बसलेली वसाहत डोळ्यासमोर येते, पण दगडी प्रवाळांतली काही मंडळी एकटीच राहतात. एकच पॉलिप, बहुतेकदा एकच तोंड आणि खाली त्याने स्वतःच बनवलेला चुन्याचा सांगाडा, बास. घरी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवून समुद्री जीव पाळणाऱ्या टँकवाल्यांची लाडकी म्हणजे फंगिया उर्फ प्लेट कोरल, पाण्याने टम्म फुगणारी सायनारिना आणि ऑस्ट्रेलियातून येणारी स्कोली. स्कोलीचं शास्त्रीय नाव आता होमोफिलिया ऑस्ट्रेलिस झालंय, पण टँकवाले अजून स्कोलीच म्हणतात.

फंगिया दिसते अळंबीची छत्री उलटी ठेवल्यासारखी, मधल्या तोंडापासून कडेपर्यंत पातळ पात्या, नावही अळंबीवरूनच पडलंय. लहानपणी ती देठाने खडकाला चिकटलेली असते, मग देठ तुटतो आणि बाई वाळूवर मोकळ्या. अंग फुगवून हळूहळू सरकते, अंगावर पडलेली वाळू झटकते. २००९ मध्ये तांबड्या समुद्रात इस्रायलच्या इलातजवळ हिच्याच कुळातली एक जात चक्क जेलीफिश गिळताना दिसली होती.

हौशी लोकांना वेड लागतं ते यामुळेच, बाकीची कोरलं झाडाझुडपांसारखी वाटतात आणि हे पाळलेल्या जनावरासारखं. दिवे मालवल्यावर स्कोलीच्या अंगातून बारीक शुंडके बाहेर येतात, मग गोठवलेली मायसिस कोळंबी वितळवून ड्रॉपरने सोडायची की तोंड सावकाश उघडतं, पण गिळायला तिला इतका वेळ लागतो की तोवर टँकमधली क्लीनर श्रिंप, म्हणजे माशांचं अंग साफ करणारी कोळंबी, येऊन तोंडातला घास ओढून नेते, म्हणून लोक प्लास्टिकची बाटली अर्धी कापून स्कोलीवर झाकणासारखी ठेवतात. लालहिरव्या पट्ट्यांच्या स्कोलीचे भाव मात्र अवाच्या सवा, सगळे पैसे रंगाचे. खरी मजा प्लेटमध्येच आहे. ती वाळूवरच ठेवायची, खडकावर ठेवली तर घसरते आणि सांगाड्याच्या धारदार कडांनी तिचंच मांस फाटतं. प्रवाहही फार जोराचा नको.

दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परवान्यानेच होतो आणि भारतात त्यांना वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, त्यामुळे मालवणच्या समुद्रातून उचलून आणायचं डोक्यातही आणू नये.

अजून एक, प्लेट मेली असं वाटलं तरी लगेच फेकू नका. पांढऱ्याफटक सांगाड्यावर कधीकधी काही महिन्यांनी शर्टाच्या बटणाएवढी पिल्लं उगवतात, देठासकट.