साथ ओसरल्यानंतरचा विषाणू

नव्या रोगाची साथ भरात असते तेव्हा सगळे एकच विचारतात, हे संपणार कधी? आजवरचा अनुभव पाहता बहुतेक रोग संपत नाहीत, ते मुक्कामाला राहतात. माणसाच्या रोगांपैकी समूळ उच्चाटन झाले ते एकट्या देवीचे, आणि त्याची घोषणा १९८० साली झाली. २००३ मधील सार्स हा श्वसनाचा आजार आटोक्यात आला, कारण त्याचा रुग्ण मुख्यतः आजार बळावल्यावरच संसर्ग पसरवत असे आणि तोवर त्याला वेगळे ठेवता येई. कोविडचा विषाणू लक्षणे दिसण्याआधीच पसरतो, त्यामुळे तिथे ही सोय नव्हती.

मुक्कामाला राहिलेला रोग पुढे कसा वागेल, हे बरेचसे आपली प्रतिकारशक्ती किती टिकते यावर ठरते. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर गोवराची साथ आली आणि सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी जवळपास ६,००० जण आजारी पडले. तिथे पाठवलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला असे आढळले की, १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता त्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही, मात्र त्या वेळी सुटलेल्या वृद्धांना या खेपेस झाला. शरीराने ती ओळख ६५ वर्षे जपली होती.

सर्दीच्या कोरोना विषाणूंची गोष्ट निराळी आहे. ब्रिटनमध्ये काही स्वयंसेवकांच्या नाकात २२९ई हा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला आणि वर्षभराने तोच प्रयोग पुन्हा केला गेला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या खेपेस संसर्ग झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना दुसऱ्यांदाही तो झाला, पण सर्दी एकालाही झाली नाही. विषाणूला दारातच अडवणारी प्रतिपिंडे काही महिन्यांत कमी होतात, तर जुना विषाणू ओळखणाऱ्या स्मृतिपेशी आणि बाधित पेशींचा नाश करणाऱ्या टी पेशी पुष्कळ जास्त काळ टिकून आजार वाढू देत नाहीत. लसीनंतरही कोविड होतो, तरी तो गंभीर होण्याचे प्रमाण घटते, ते यामुळेच.

विषाणू काळाच्या ओघात आपोआप सौम्य होतो, हा समज मात्र फार भाबडा आहे. ऑस्ट्रेलियात सशांचा उपद्रव रोखण्यासाठी १९५० मध्ये सोडलेला मिक्सोमा विषाणू सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक सशाला मारत असे. पुढे थोडे सौम्य प्रकार वरचढ झाले, कारण जास्त दिवस जगणारा ससा तो अधिक पसरवतो; पण सशांची प्रतिकारक्षमता वाढली तसा विषाणूही पुन्हा जहाल होऊ लागला. शिवाय एखादा रोग कायमचा वस्तीला आला म्हणजे तो निरुपद्रवी झाला, असेही नाही. मलेरिया आणि क्षयरोग हजारो वर्षे मानवाच्या सोबतीला आहेत, आणि आजही दरवर्षी लाखो बळी घेतात.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी मागे घेतली, तेव्हा विषाणू कुठेही गेलेला नव्हता, फक्त त्याला सामोरी जाणारी शरीरे बदलली होती. वृद्धांची आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांची काळजी मात्र तशीच राहते. त्यांच्यासाठी बदलत्या विषाणूनुसार लसही बदलत राहावी लागते. लोक चाचणीला जाईनासे झाले तरी बाधितांच्या विष्ठेतून विषाणूचे अंश सांडपाण्यात उतरतच असतात, त्यामुळे नवी लाट चढू लागल्याचे रुग्णालयांच्या आधी कधी कधी तिथल्या नमुन्यांवरून कळते.