पार्श्वभूमी : समुपदेशक नेमायचा, पण कोणाला?

ताण आला म्हणून समुपदेशकाकडे जाणे महाराष्ट्रात अलीकडचे. आधी तो भेटायचा वेगळ्याच निमित्ताने. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकाची तरतूद झाली आणि घटस्फोट मागणारी जोडपी त्याच्यापुढे बसू लागली. पुढे सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीच्या चाचणीआधी आणि निकाल सांगताना बोलायला समुपदेशक आला. त्या दाराबाहेर ओळखीच्या कोणी आपल्याला पाहू नये, ही धास्ती बहुधा तिथूनच लोकांच्या मनात बसली. दहावी-बारावीच्या परीक्षांआधी समुपदेशकांचे फोन क्रमांक जाहीर होऊ लागले. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा प्रकल्प सुरू झाला आणि मनावर ताण असलेले शेतकरी हुडकण्याचे काम आशाताईंकडे आले. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर फोनवरून मानसिक आधार देणारी ‘टेली-मानस’ सेवा आहे.

योजना वाढत गेल्या. समुपदेशक म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातली ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ची व्याख्या लांबलचक आहे. मनोविकारतज्ज्ञ, नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका, मनोविकार समाजकार्यकर्ते आहेत. मानसरोग विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेले वैद्यही आहेत. समुपदेशन मानसशास्त्रात एम. ए. करून वर्षानुवर्षे नोकरीतला, परीक्षेचा, घरातला ताण ऐकणारा माणूस मात्र त्यात नाही. कायदा आजाराच्या उपचारासाठी आहे आणि ताण हा आजार नव्हे, असा त्यावरचा युक्तिवाद. तो तर्काला धरून आहे, पण तोकडा वाटतो. कारण झोप उडालेली, जेवण तुटलेले माणूस आधी समुपदेशकाकडेच येते, आणि हा ताण की नैराश्य, याला डॉक्टरकडे पाठवायचे का, हे तिथेच ठरते. इतक्या महत्त्वाच्या जागी बसणाऱ्याची पात्रता कायद्याने सांगितली नाही, म्हणून एम. ए. वाल्याच्या शेजारी आठवडाभराच्या कोर्सचे प्रमाणपत्रही त्याच दिमाखात भिंतीवर लागले. अट सरसकट चिकित्सा मानसशास्त्राच्या एम. फिल.ची केली तर तालुक्याच्या गावी कोणीच मिळणार नाही, हे विरुद्ध बाजूचे म्हणणेही खरेच.

२०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने वर्तन-आरोग्याच्या गटात मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक घेतले, त्यांच्या नोंदणीची वाट काढली. मात्र चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या पुनर्वसन कायद्याखालच्या परिषदेकडेच आहे. मनाचे काम एकच, नोंदवह्या दोन.

जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण त्याला हवे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांशी रीतसर संधान बांधावे. इथे २०१७ ची व्याख्या शब्दशः लावली, तर मोठ्या कॉलेजात चालणारा समुपदेशक शेजारच्या ८० मुलांच्या क्लासला चालणार नाही.