बेंजामिन फ्रँकलिन यांच्या कुळाचा शोध : पार्श्वभूमी

बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म बॉस्टनचा, पण घराण्याचे मूळ गाव इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातील एक्टन. तिथे या कुटुंबाकडे सुमारे तीस एकर जमीन पिढ्यान्‌पिढ्या होती आणि घरातील थोरल्या मुलाने लोहारकाम शिकायचे, अशी रीत होती. बेंजामिन यांचे वडील जोसाया यांनी मात्र कापड रंगवण्याचा धंदा धरला. ते प्रस्थापित चर्चपासून वेगळे झालेल्या पंथाचे होते आणि धर्माचरणाची मोकळीक मिळावी म्हणून १६८३ च्या सुमारास ते बायकामुलांसह बॉस्टनला गेले. रंगाऱ्याला तिथे पुरेसे काम नसल्याने त्यांनी मेणबत्त्या आणि साबण करण्याचा व्यवसाय पत्करला.

या कुळाचा माग आज लागतो, याचे बरेचसे श्रेय खुद्द बेंजामिन यांना द्यावे लागेल. १७५८ च्या उन्हाळ्यात ते मुलगा विल्यम याच्यासह एक्टनला गेले. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश १५३८ मध्येच निघाला होता, तरी एक्टनच्या वह्या त्यांना १५५५ पासूनच्याच मिळाल्या. त्या चाळताना आपण पाच पिढ्यांच्या शेंडेफळांचे शेंडेफळ आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. चर्चच्या आवारातील पूर्वजांच्या थडग्यांवर इतके शेवाळ साचले होते की अक्षरे लागेनात. तेव्हा धर्मगुरूंच्या पत्नीने कडक ब्रश आणि पाण्याचे भांडे मागवले, पीटरने दगड घासून स्वच्छ केले आणि विल्यमने मजकूर उतरवून घेतला. हा पीटर म्हणजे बेंजामिन यांचा गुलाम. ज्याच्या हातांनी ती नावे वाचनीय झाली, त्याच्या स्वतःच्या पूर्वजांसाठी अशी वही कुणी ठेवली नव्हती, आणि वसाहतकाळातील वंशावळींचा विचार करताना ही विषमता नजरेआड करणे मला योग्य वाटत नाही.

कागदावर जे नव्हते ते घरातल्या थोरांच्या आठवणींतून आले. सोळाव्या शतकात कट्टर कॅथलिक मेरी राणीच्या राजवटीत, इंग्रजी बायबल बाळगणे धोक्याचे असताना, पूर्वजांनी ते एका स्टुलाच्या बैठकीखाली फितींनी बांधून लपवले होते आणि वाचन चालू असताना एक मूल दारात पहारा देत असे, ही हकिकत बेंजामिन यांना त्यांच्याच नावाच्या चुलत्यांनी सांगितली. १७७१ मध्ये विल्यमला उद्देशून लिहायला घेतलेल्या आत्मचरित्राच्या आरंभीच त्यांनी हे सारे नोंदवले आहे.

तारखांबाबत संशोधकाला जपावे लागते. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींत जुनी (ज्युलियन) कालगणना होती; अठराव्या शतकात ती आजच्या गणनेच्या अकरा दिवस मागे होती आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फ्रँकलिन यांची जन्मतारीख जुन्या पद्धतीने ६ जानेवारी १७०५, तर आजच्या गणनेने १७ जानेवारी १७०६ अशी येते. मातृकुळाचा धागा मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील नॅन्टकेट बेटाकडे जातो. आई अबाया या पीटर फोल्जर यांच्या कन्या, आणि फोल्जर स्वतः इंग्लंडमधील नॉरिचहून आलेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांपैकी होते.