विमा व आरोग्यसेवेतील भेदभावबंदी

जात, धर्म, लिंग, अपंगत्व किंवा एखादा आजार यांवर बोट ठेवून कोणाला उपचार वा विमा नाकारला जाऊ नये, यासाठी केलेल्या कायदेशीर तरतुदी. भारतात या विषयाला वाहिलेला एकच एक कायदा नाही. संविधान, निरनिराळे विशेष कायदे, विमा नियामकाची परिपत्रके आणि न्यायनिवाडे अशा तुकड्यांतून हे संरक्षण उभे राहिले आहे. ज्याच्या आजाराच्या वाट्याला कायदा आला, त्याची बाजू भक्कम. इतरांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

उपचारांच्या बाबतीत पुण्याला हा प्रश्न जुना आहे. १८९७ च्या प्लेगात टिळकांच्या पुढाकाराने हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय निघाले. त्याच साथीत हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या दलित वस्तीतील आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले आणि १० मार्चला प्लेगनेच त्या गेल्या. अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरायला मात्र १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा यावा लागला. पुढे १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अत्यवस्थ रुग्णावर तातडीने उपचार करणे हे सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य ठरवले. अपंगांसाठी २०१६ चा आणि तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा आरोग्यसेवेतील भेदभावाला मनाई करतो.

पैशाअभावी दारातून परत पाठवणे कायद्याच्या भाषेत भेदभाव नसेल, पण रुग्णाला दोन्हींची झळ सारखीच. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेण्याचे बंधनही त्यांच्यावर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना लागू आहे.

विम्यातला पेच वेगळा. जोखीम पाहून माणसांची वर्गवारी करणे हाच मुळी विम्याचा धंदा. साठीतल्या मधुमेही गृहस्थांना मेडिक्लेमचा हप्ता पंचविशीतल्या नातवापेक्षा जास्त पडतो, यात बेकायदा काही नाही. मग भेद कुठे संपतो आणि भेदभाव कुठे सुरू होतो? याचे सर्वांत नेमके उत्तर २०१७ च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्यात आहे. विमागणिती अभ्यासाचा, म्हणजे जोखीम आकडेवारीने मोजणाऱ्या अभ्यासाचा, आधार असल्याखेरीज एचआयव्हीबाधिताला विमा नाकारता येत नाही किंवा त्याला अन्यायाची वागणूक देता येत नाही. म्हणजे घृणा, भीती, ऐकीव समज हे आधार बाद, आकडे दाखवा. अडचण एवढीच की आकडे कंपनीच्या दप्तरात असतात आणि अर्जदाराच्या हाती पडते ते नकाराचे चार ओळींचे पत्र.

मानसिक आजारांबाबत २०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१(४) महत्त्वाचे आहे. शारीरिक आजाराला ज्या आधारावर वैद्यकीय विमा मिळतो, त्याच आधारावर तो मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे, असे ते सांगते. या कायद्याच्या घडणीत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा वाटा होता. कायदा २०१८ मध्ये लागू झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये नियामकाने कंपन्यांना तो पाळायला सांगितले. तरी पळवाटा उरल्या. एका पॉलिसीत संरक्षण ३५ लाखांचे, पण मानसिक आजारासाठी मर्यादा ५० हजारांची होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती मान्य केली नाही. आणखी एक गोष्ट कलमात दिसत नाही. साधा मेडिक्लेम मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर खर्च देतो. नैराश्याचे बहुतेक उपचार मात्र दाखल न होता, महिनोन्‌महिने चालतात. समानता कागदावर पुरी, खिशात अर्धी.

व्यवसायावरून होणाऱ्या भेदाबद्दल १९९५ चा निकाल आजही आधाराला घेतला जातो. आयुर्विमा महामंडळाची एक मुदत विमा योजना सरकारी, निमसरकारी आणि नामांकित कंपन्यांतील नोकरदारांपुरतीच होती. सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. मंडईतला गाळेवाला किंवा रिक्षावाला पगारपत्रक कुठून आणणार, हा साधा प्रश्न त्यामागे होता. जनुकीय आजारांचे कारण दाखवून दावे नाकारू नयेत, असे नियामकाने मार्च २०१८ मध्ये बजावले. स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत तो २००८ पासून आहे, पण त्यात आयुर्विमा येत नाही.

पुण्यात दाद मागण्याची ठिकाणे वेगवेगळी आहेत. विम्याच्या तक्रारीसाठी नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचे कार्यालय आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. लोकपालांकडे फी नाही, वकील चालत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. धर्मादाय रुग्णालयाविरुद्ध धर्मादाय सहआयुक्तांकडे जावे लागते. एचआयव्ही कायद्यातला लोकपाल निराळा. नाव सारखे असल्याने घोटाळा होण्याजोगा. तक्रार केली तर आजार चारचौघांत येईल, या धास्तीने अनेकजण गप्प बसतात. त्यांच्यासाठी याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये सोय आहे: अर्जदाराचे खरे नाव झाकून, टोपणनावाने न्यायालयात प्रकरण चालवता येते.