सिथेराला निघालेले की सिथेराहून?

फ्रेंच चित्रकार वातोचं हे चित्र. सिथेरा म्हणजे प्रेमदेवता व्हीनसचं बेट. चित्राच्या उजव्या कडेला व्हीनसची मूर्ती आहे, तिच्याभोवती गुलाबांच्या माळा. पायथ्याशी हातात पंखा घेऊन बसलेल्या बाईचा झगा एक मदनबाळ ओढतोय. पुढच्या जोडीतला पुरुष आपल्या सखीला दोन्ही हात धरून उठवतोय. तिसरी जोडी चालू लागलीय, पण त्यातली बाई मागे वळून पाहतेय. डावीकडे खाली सोनेरी नाव उभी आहे. मंडळी बेटाकडे निघालीत की बेटावरून परततायत, हा वातोच्या या चित्रावरचा सगळा वाद त्या वळलेल्या मानेपाशी येऊन थांबतो.

चित्रकाराला फ्रान्सच्या राजेशाही कला अकादमीत प्राथमिक प्रवेश १७१२ साली मिळाला होता. सदस्यत्वासाठी द्यायचं चित्र मात्र तगादे लागून २८ ऑगस्ट १७१७ला दाखल झालं. त्या दिवशीच्या इतिवृत्तात आधी 'सिथेरा बेटाची यात्रा' असं लिहिलं गेलं, मग ते खोडून 'एक फेत गालांत', म्हणजे प्रेमिकांचा उद्यानोत्सव, असं लिहिलं. या खाडाखोडीवर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. वातोसाठी नवा चित्रप्रकारच निर्माण केला, असं बरीच वर्षं सांगितलं जाई. पण हा शब्दप्रयोग आधीपासून रुळलेला होता. पुराणकथेचं चित्र म्हणावं तर त्यात ठरलेला प्रसंग नाही, निव्वळ करमणूक म्हणावी तर व्हीनस समोर उभी. कारकुनाची अडचण समजण्यासारखी आहे.

खरा घोळ पुढचा आहे. 'सिथेराकडे प्रस्थान' हे लोकप्रिय नाव १७३३च्या एका मुद्राचित्रावरचं, म्हणजे कोरलेल्या ठशावरून छापलेल्या चित्रावरचं. तोवर वातो वारून बारा वर्षं झाली होती. शिवाय ते मुद्राचित्र या चित्रावरून केलेलंच नाही. ते केलं बर्लिनमध्ये असलेल्या दुसऱ्या आवृत्तीवरून, जिच्यात नावेला डोलकाठी आहे आणि मदनबाळांची नुसती झुंबड. म्हणजे दुसऱ्या चित्राला दुसऱ्याने दिलेलं नाव याला चिकटलं आणि लोक दोनशे वर्षं 'निघालेले' प्रवासी पाहत राहिले. आपल्या 'यात्रा' शब्दात जाणंही येतं आणि देवाच्या दारी भरणंही. मूळ नोंदीला तोच जवळचा.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर या कलेला वाईट दिवस आले. नव्या चित्रशैलीचे विद्यार्थी या चित्रावर पावाच्या गोळ्या मारत, असं सांगतात. पुढे रोदँ या थोर शिल्पकाराने तिन्ही जोड्या म्हणजे एकाच प्रेमाच्या तीन पायऱ्या, असं वाचन केलं. १९६१ साली एका इंग्रज अभ्यासकाने उलट मांडणी केली: मूर्तीला माळा वाहून झाल्या आहेत, जोड्या जुळल्या आहेत, आता मंडळी बेटावरून परत निघाली आहेत. ते सगळ्यांना पटलं नाही. घर सोडतानाही माणूस मागे बघतोच, हा आक्षेप रास्त आहे. तरी ती बाई बघते ती मूर्तीजवळ अजून बसून असलेल्या जोडीकडे, आणि तिच्या पायाशी कुत्रा मात्र पुढे निघालाय. मला ती परतणारीच वाटते.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आज चित्राखाली 'यात्रा' हेच नाव आहे.