आक्रसलेल्या मेंदूची मोजणी: व्हॉक्सेल-पद्धत आली कुठून?

अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) किती आक्रसतो, हे एमआरआयवर मोजायला सुरुवात झाली ती हाताने. १९९२ मध्ये मेयो क्लिनिकमधील क्लिफर्ड जॅक आणि सहकाऱ्यांनी एकेका कापावर त्याची कड रेखून आकारमान काढले. पद्धत भरवशाची, पण वेळखाऊ. शिवाय जिथे कड रेखली तिथलेच कळणार.

अख्खा मेंदू एकदम तपासायची युक्ती पीईटीवाल्यांकडून, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून मेंदूचे काम टिपणाऱ्या स्कॅनवाल्यांकडून आली. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात कार्ल फ्रिस्टन यांनी १९९१ च्या सुमारास एसपीएम ही आकडेवारीची पद्धत रचली: प्रतिमेतल्या प्रत्येक व्हॉक्सेलवर, म्हणजे प्रतिमा ज्यांची बनते त्या प्रत्येक इवल्या घनावर, स्वतंत्र चाचणी लावायची आणि निकालांचा नकाशा काढायचा. एमआरआयसाठीची रीत जॉन ॲशबर्नर आणि फ्रिस्टन यांनी २००० मध्ये सविस्तर मांडली. आज ती साधारण अशी चालते. स्कॅनमधून ग्रे मॅटर (चेतापेशींचा भाग), व्हाइट मॅटर (त्यांना जोडणारे तंतू) आणि मेंदूभोवतीचे पाणी वेगळे करायचे, ग्रे मॅटर सामायिक टेम्प्लेटवर, म्हणजे नमुना-मेंदूवर बसवायचे, बसवताना ते जितके ताणले वा दाबले गेले त्या प्रमाणात आकडे सुधारायचे, ८ मिमीच्या आसपास स्मूदिंग द्यायचे, म्हणजे शेजारच्या आकड्यांची सरासरी घेत प्रतिमा किंचित धूसर करायची, आणि मग रिग्रेशन, म्हणजे इतर घटकांचा परिणाम वेगळा काढणारे गणित. त्यात वय, लिंग आणि कवटीच्या आतले एकूण आकारमान घ्यायचे. या शेवटच्या आकड्याऐवजी मेंदूचेच आकारमान टाकले तर घात होतो, कारण ते आजारानेच घटलेले असते आणि शोधायचा परिणामच वजा होऊन बसतो.

२ मिमीच्या जाळीवर मेंदूत सव्वादोन लाखांच्या आसपास व्हॉक्सेल येतात. काहीही फरक नसताना दर चाचणीत चुकीची शक्यता ५ टक्के चालवून घेतली तर अकरा हजारांहून अधिक ठिकाणी खोटा फरक दिसेल. चाचण्यांच्या संख्येने पातळी भागणारी बॉन्फेरोनीची दुरुस्ती इथे फार कडक पडते, कारण शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांसारखेच असतात. कीथ वर्स्ली यांनी १९९२ मध्ये रँडम फील्डचे, म्हणजे गुळगुळीत नकाशात योगायोगाने किती उंच शिखरे येतील याचे, गणित आणून ही अडचण सोडवली. निकोल्स आणि होम्स यांनी २००२ मध्ये गटांची लेबले (कोण रुग्ण, कोण निरोगी) पुन्हापुन्हा पिसून, योगायोगाने किती फरक दिसतो ते पाहून उंबरठा ठरवायची रीत सोपी करून मांडली. एमआरआयच्या ग्रे मॅटर नकाशात गुळगुळीतपणा सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे फरक दाखवणाऱ्या व्हॉक्सेलांच्या नुसत्या पुंजक्याच्या आकारावर विसंबणे धोक्याचे. तिथे लेबले पिसणेच बरे.

पण ही सारी यंत्रणा मुख्यतः निरोगी मेंदू डोळ्यांपुढे ठेवून वाढली. डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या, फुगतात आणि टेम्प्लेटवर नीट बसत नाहीत. मग त्यांच्या कडेने दिसणारा ठळक फरक आक्रसण्याचा की चुकलेल्या जुळणीचा, हे सांगता येत नाही. फ्रेड बुकस्टाइन यांनी २००१ मध्ये जुळणीवर नेमके बोट ठेवले होते. २००७ मध्ये ॲशबर्नर यांनी डार्टेल ही जुळणीची पद्धत आणल्यावर अभ्यासातल्याच लोकांपासून टेम्प्लेट घडवता येऊ लागले. त्यात रुग्ण आणि निरोगी सारख्या संख्येने घ्यावेत, नाहीतर टेम्प्लेट एका गटाकडे झुकते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांवरून मेंदूचा नकाशा केला, पण तेही मेंदू निरोगीच. डिमेन्शियाची ही अडचण त्याने सुटत नाही.

सगळ्यांत फसवी जागा मास्कची (कुठले व्हॉक्सेल तपासायचे ते ठरवणाऱ्या चाळणीची), आणि ती लक्षात यायला बराच काळ गेला. विश्लेषणात कुठले व्हॉक्सेल घ्यायचे हे ठरवताना ग्रे मॅटरचे प्रमाण उदाहरणार्थ ०.२ पेक्षा कमी असलेली जागा गाळतात. नियम असा, की गटातल्या एकाही व्यक्तीत आकडा खाली गेला तर तो व्हॉक्सेल सर्वांसाठीच बाद. म्हणजे ८० जणांत एकाचा हिप्पोकॅम्पस फार झिजलेला असला, तर नेमकी तीच जागा चाचणीतून गायब. नकाशावर तिथे रंग नसतो आणि वाचणारा समजतो, इथे फरक सापडला नाही. जेरार्ड रिजवे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दाखवून दिले. उपाय म्हणून सर्वांत नव्हे, ठरावीक प्रमाणातल्या व्यक्तींत आकडा मर्यादेच्या वर असला तरी व्हॉक्सेल ठेवणारा मास्क सुचवला. निकालाआधी मास्क सरासरी स्कॅनवर ठेवून डोळ्यांनी बघणे हे दोन मिनिटांचे काम आहे, तरी ते राहून जाते.

२००४ मध्ये अमेरिकेत एडीएनआय हा अल्झायमरच्या स्कॅनचा प्रकल्प सुरू झाला, अनेक केंद्रांचे स्कॅन एकत्र येऊ लागले आणि मशीनमशीनमधला फरक आडवा आला. तो काढायला जनुकांच्या आकडेवारीसाठी २००७ मध्ये बनलेली कॉम्बॅट पद्धत उसनी घेतली गेली. मात्र एका केंद्रातून फक्त रुग्ण आणि दुसऱ्यातून फक्त निरोगी आले असतील, तर मशीन कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो हे कुठल्याच गणिताने वेगळे करता येत नाही.