प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतोय? रीस्टार्ट करायच्या आधी दोन मिनिटं थांबा

घरातला किंवा ऑफिसातला वायफाय प्रिंटर दर चार-आठ दिवसांनी ‘ऑफलाइन’ दाखवायला लागला की जवळजवळ सगळे एकच करतात, प्रिंटर बंद-चालू, नाही झालं तर राउटर बंद-चालू, मग तो चालतो आणि विषय तिथेच संपतो, पुढच्या आठवड्यात परत तेच. रीस्टार्टने काम होतं हे खरंय, पण त्यासोबत बिघाड नेमका कुठे होता त्याचा पुरावा पण पुसला जातो, आणि म्हणूनच हा त्रास वर्षानुवर्षं तसाच चालू राहतो. उद्या सकाळी पोराला शाळेत प्रोजेक्ट द्यायचाय, रात्री अकराला झेरॉक्सवाला बंद आणि प्रिंटर गप्प, ही वेळ खरंच कुणावर येऊ नये असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे बघू की प्रिंटर वायफायला ‘जोडलेला’ असतो म्हणजे नक्की काय असतं. राउटर सेकंदाला साधारण १० वेळा एक छोटासा संदेश हवेत सोडत असतो, मी अमुक नावाचा राउटर, मी इथे आहे, एवढाच. त्याला बीकन म्हणतात. प्रिंटर स्लीपमध्ये असला तरी त्याची वायफाय चिप मधून मधून जागी होऊन हे ऐकते. मग पासवर्डवरून दोघांमध्ये एक गुप्त किल्ली ठरते. मग राउटर प्रिंटरला आयपी पत्ता देतो, म्हणजे नेटवर्कवर त्याला ओळखायचा आकडा. आणि सगळ्यात शेवटी प्रिंटर आपलं नाव नेटवर्कवर जाहीर करतो तेव्हा कुठे तो तुमच्या फोनच्या यादीत दिसतो. रेडिओ, किल्ली, पत्ता, नाव. यातलं काहीही एक तुटलं तरी स्क्रीनवर शब्द तोच येतो, ऑफलाइन. रीस्टार्ट केलं की चारही गोष्टी पहिल्यापासून होतात, कुठली तुटली होती ते कळतच नाही.

आणि फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळं नीट चालत असताना प्रिंटरच का सुटतो? कारण फोन दिवसभर राउटरशी बोलत असतो, जरा तुटलं की लगेच स्वतःच परत जोडून घेतो, आपल्याला कळत पण नाही. प्रिंटर दोन-दोन दिवस गप्प बसलेला असतो. त्यात घरगुती प्रिंटरमध्ये वायफायची चिप साधी असते, अँटेना छोटा, आणि बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफायच्या सगळ्यात जास्त गर्दी असलेल्या रेडिओ पट्ट्यात.

आता ती दोन मिनिटं. पुढच्या वेळी बंद पडला की काहीही बंद-चालू न करता आधी प्रिंटरवरचा वायफायचा दिवा बघा. लुकलुकत असेल तर भानगड रेडिओची किंवा किल्लीची. स्थिर जळत असेल तर पत्त्याची, नावाची किंवा तुमच्या कॉम्प्युटरची. मग प्रिंटरच्याच मेनूतून नेटवर्कची माहिती बघा किंवा त्याचं पान छापून घ्या (बहुतेक मॉडेलमध्ये ही सोय असते, स्क्रीन नसेल तर ठरावीक बटणं दाबून निघतं), त्यावर आयपी पत्ता असतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, प्रिंटरने नाइलाजाने स्वतःच एक ठरवून घेतलाय. १९२.१६८ वगैरे असेल तर तोच आकडा जसाच्या तसा फोनच्या ब्राउजरमध्ये टाका, फोन त्याच वायफायवर पाहिजे. प्रिंटरचं स्वतःचं छोटं वेबपेज उघडलं, शाईची पातळी वगैरे दिसली, तर प्रिंटर आणि राउटर दोघंही ठणठणीत आहेत, कॉम्प्युटरने मनात चुकीची माहिती धरून ठेवलीय. अर्धं निदान इथेच होतं, म्हणून मी म्हणतो की आधी बघा.

सगळ्यात आधी रेडिओ, कारण मुंबईत खरी मारामारी तिथे आहे.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, एकूण रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. भारतात २००५ मध्ये हा लायसन्समुक्त झाला, म्हणून घरोघरी राउटर लावता येतो. पण लायसन्स नको म्हटल्यावर सगळेच तिथे, ब्लूटूथ तिथे, बरेच वायरलेस माउस तिथे, मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ च्या आसपास तो पण तिथेच. या पट्ट्यात वायफायचे १३ चॅनल आहेत असं सेटिंगमध्ये दिसतं पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि एका चॅनलला लागते २० मेगाहर्ट्झच्या वर जागा, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे असे हिशोबात फक्त तीनच उरतात, १, ६ आणि ११. दादर-परळच्या एखाद्या टॉवरमध्ये फोनवर वायफाय अ‍ॅनलायझरचं अ‍ॅप उघडून बघा, वरचे, खालचे, शेजारचे, समोरच्या विंगचे राउटर एकावर एक चढलेले दिसतात, आणि ते सगळे या तीन जागांत कोंबलेले असतात.

तरी वायफाय चालतं कसं हे मला आजही भारी वाटतं. याचं मूळ हवाई विद्यापीठात आहे. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडणारं अलोहानेट सुरू केलं. नियम अगदी साधा, ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, दोघं एकदम बोलले आणि संदेश विस्कटला तर थोडा वेळ थांबून परत बोलावं. गणिताने बघितलं तर या पद्धतीत चॅनलचा जास्तीत जास्त साधारण १८ टक्केच वेळ कामी येतो. वायफायने त्यात सुधारणा केली, बोलायच्या आधी ऐका, हवा मोकळी असली तरच बोला, आणि बोलण्याआधी एक छोटी यादृच्छिक वाट बघा म्हणजे दोघं एकदम सुरू होणार नाहीत. तरी टक्कर होतेच. आणि बोलणाऱ्याला स्वतःच्या मोठ्या आवाजात ती टक्कर ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याने प्रत्येक संदेश मिळाल्याची पोच द्यायची, पोच आली नाही तर परत पाठवायचं. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात चालतं, त्यामुळे गर्दीच्या बिल्डिंगमध्ये पण तुमचा व्हिडिओ अडकत नाही.

पण इथेच प्रिंटरची गोची होते. ‘मी प्रिंटर आहे, माझं नाव हे’ ही घोषणा एकाला नसते, सगळ्यांना उद्देशून असते, त्याला मल्टिकास्ट म्हणतात, आणि राउटर असा संदेश हवेत सोडतो तेव्हा त्याची पोच कुणीच देत नाही कारण नक्की कुणी द्यायची? पोच नाही म्हणजे हरवला तरी परत पाठवणं नाही. हवेत गर्दी असली की बाकीचा डेटा पुन्हा पुन्हा पाठवून पोचतो आणि ही नावाची घोषणा मात्र हरवते. म्हणूनच हे कोडं इतक्या घरांत दिसतं की फोनला प्रिंटर सापडत नाही पण आयपी पत्ता टाकला की लगेच चालतो. प्रिंटर जाग्यावरच आहे, त्याची हाक तेवढी ऐकू येत नाहीये. वायफाय लांबपर्यंत पोचावं म्हणून मेश किंवा एक्स्टेंडरचे जास्तीचे डबे लावलेल्या घरात तर काही वेळा ही घोषणा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातच नाही.

यावर करायचं काय तर राउटरमध्ये २.४ चा चॅनल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ पैकी जो कमी भरलेला आहे तो कायम करा आणि चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणा. मधलाच ३ किंवा ८ रिकामा दिसतोय म्हणून तो घेऊ नका, एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात, अर्धवट चढलेले मात्र एकमेकांना नुसता गोंगाट म्हणून त्रास देतात. ऑटोवर अजून एक तोटा, राउटर स्वतःहून चॅनल बदलतो आणि काही प्रिंटर त्याच्या मागे जात नाहीत, जुन्याच जागी वाट बघत बसतात.

मग जागा. आपल्याकडे घरं लहान, प्रिंटर जिथे मावेल तिथे जातो, लोखंडी कपाटावर, माळ्यावर, टीव्ही युनिटच्या मागे. राउटर असतो दारापाशी कारण केबलवाल्याने फायबर तिथपर्यंतच आणलेली असते. मधे आरसीसीची भिंत, तिच्यात लोखंडी सळया. २.४ ची लहर साधारण १२.५ सेंटिमीटरची, ती विटांच्या भिंतीतून जरा कमजोर होऊन जाते पण धातूच्या सलग पत्र्यातून जात नाही, उलटी फिरते. फोन प्रिंटरच्या अगदी शेजारी धरून अ‍ॅपमध्ये सिग्नल बघा, उणे ५० ते उणे ६५ डीबीएम (सिग्नलची शक्ती मोजायचं माप) असेल तर छान, उणे ८० म्हणजे फारच वाईट. हा आकडा फसवा आहे, उणे ५० पासून उणे ८० पर्यंत आलं म्हणजे शक्ती हजार पटीने कमी झाली. कपाटावरून उतरवून हातभर बाजूला ठेवल्याने कित्येक प्रिंटर सुधारतात, पैसे लागत नाहीत, हे आधी करून बघाच.

पावसाळ्यात त्रास वाढतो अशी तक्रार बरीच ऐकू येते. पावसाच्या थेंबांनी घरातलं २.४ चं वायफाय बिघडत नाही, थेंब त्या लहरीपुढे फार छोटे आणि अंतर पण काही मीटरचं. भिंतीत ओल मुरली असेल तर ती भिंत सिग्नल जास्त खाते हे मात्र खरं. आणि दुसरं म्हणजे वीज. दोन सेकंद लाइट जाऊन आली की प्रिंटर आणि राउटर एकदम चालू होतात, राउटरला तयार व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात काही प्रिंटर शोधून शोधून थकतात आणि नाद सोडतात. राउटरला छोटा डीसी यूपीएस लावला की हा प्रकार संपतो, इंटरनेट पण टिकतं.

पत्त्याचं काय होतं ते बघू. राउटर प्रिंटरला पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीसाठी देतो, बऱ्याच घरी २४ तास. मुंबईत भाड्याच्या घराचा ११ महिन्यांचा करार असतो ना, वेळेत रिन्यू केला तर तेच घर, नाही केला तर तिथे दुसरा भाडेकरू, तसंच हे आहे. नियमाने निम्मी मुदत झाली की प्रिंटरने मुदतवाढ मागायची असते, पण गाढ स्लीपमध्ये असला किंवा राउटरच रीस्टार्ट होऊन आपली यादी विसरला तर तो पत्ता घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या फोनला जातो. प्रिंटरला नवा मिळतो, तो खुशाल चालू असतो, दिवा पण स्थिर, पण कॉम्प्युटर अजून जुन्याच पत्त्यावर छपाई पाठवतोय. यावर पक्का इलाज म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्वेशन शोधायचं आणि प्रिंटरच्या मॅक पत्त्यापुढे (हा त्याच्या वायफाय चिपचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आयपी कायमचा बांधून टाकायचा. मग विंडोजमध्ये प्रिंटर नव्याने जोडताना टीसीपी-आयपी पोर्ट निवडून तोच आकडा द्यायचा. म्हणजे वर सांगितलेल्या नावाच्या घोषणेवर अवलंबून राहायलाच नको, दोन दुखणी एकदम जातात. माझ्या मते कुणी एकच गोष्ट करणार असेल तर ही करावी.

इथे एक खास आपल्याकडचा घोळ. बऱ्याच घरी दोन राउटर असतात, एक कंपनीवाल्याने दिलेला फायबरचा डबा आणि दुसरा आपण विकत घेतलेला, आणि दोघंही वायफाय सोडत असतात. प्रिंटर एकाला, लॅपटॉप दुसऱ्याला. मग एकाचा पत्ता १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० असा दिसतो. तिसरा आकडा वेगळा दिसला की समजा घरात दोन वेगळी नेटवर्क झालीत, एका डब्याचं वायफाय बंद करा किंवा दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो स्वतः पत्ते न वाटता नुसतं वायफाय सोडेल. गेस्ट वायफायवर प्रिंटर टाकला असेल तरी असंच होतं, तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलायला मुद्दाम बंदी असते.

किल्लीबद्दल थोडक्यात. राउटर नवीन घेतला आणि त्यात सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, डब्ल्यूपीए२ ही तिच्या आधीची) असेल तर जुने प्रिंटर जोडलेच जात नाहीत, डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचं मिश्रण ठेवा. सगळ्यांना पाठवायच्या संदेशांची एक सामायिक किल्ली असते, ती बरेच राउटर दर तासाला बदलतात, आणि काही प्रिंटर नेमके त्या बदलाच्या वेळी सुटतात, तेव्हा घड्याळ लावल्यासारखा ठरावीक वेळाने जात असेल तर ‘ग्रुप की’ची मुदत वाढवून बघा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव दिलेलं असेल तर ती वेगळी करा आणि प्रिंटर २.४ वाल्या नावाला जोडा.

वेबपेज उघडतंय, पत्ता बरोबर आहे, तरी विंडोज ऑफलाइनच म्हणतंय, असं झालं तर पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची खूण काढून टाका. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची विचारपूस करतं आणि उत्तर आलं नाही की धडधाकट प्रिंटरला पण ऑफलाइन ठरवतं.

एवढं करूनही सुटतच असेल, किंवा फोर्टातल्या एखाद्या सीएच्या ऑफिससारखं जुलैत रिटर्नच्या दिवसांत एक तास पण थांबणं परवडत नसेल, तर प्रिंटरच्या मागे लॅन पोर्ट आहे का बघा आणि असला तर सरळ वायर टाका. फक्त लक्षात ठेवा की वायरचा मॅक पत्ता वायफायच्या मॅक पत्त्यापेक्षा वेगळा असतो, तेव्हा राउटरमध्ये रिझर्वेशन नव्याने करावं लागेल, आणि बऱ्याच प्रिंटरमध्ये वायर लावली की वायफाय आपोआप बंद होतं, तो बिघाड नाही.